बाळंतिणीच्या खोलीवरचा पाइप

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही, आणि पाहू नये अशीच माझी इच्छा असते. भिंतीतला पाइप दिसायला लागला की समजावं, घरात काहीतरी बिनसलं आहे. मी एक जुना तांब्याचा पाइप. टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात एका दुमजली घराच्या गॅरेजमधून मी वर चढतो, तळमजल्यावरच्या एका लहान खोलीच्या छतातून आडवा जातो आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये पोचतो. गार पाणी वर नेऊन देणं एवढंच माझं काम. माझ्या गोष्टीत शौर्य वगैरे काही नाही. मी जन्माचा भित्रा आहे आणि ही माझ्या सगळ्यात मोठ्या भीतीची गोष्ट आहे.

माझा जन्म भट्टीतला. म्हणून की काय, थंडी माझ्या अंगाला कधीच मानवली नाही. कारखान्यातून मी ट्रकवर चढलो तेव्हा नव्या नाण्यासारखा चकाकत होतो. फ्रिस्कोत तेव्हा शेतांवर भराभर घरं उठत होती. लाकडाच्या सांगाड्यात मला बसवणारी माणसं गाणी म्हणत काम करायची, हात मोठा सफाईदार. छतातल्या माझ्या अंगावर त्यांनी कापसासारखं गुलाबी पांघरूण घातलं. गॅरेजमधला माझा हातभर भाग मात्र उघडाच राहिला. त्यांचा मुकादम म्हणाला, टेक्सासात कसली आली आहे थंडी. मला तेव्हाच ते वाक्य आवडलं नव्हतं, पण पाइपाला कोण विचारतो?

पहिली बरीच वर्षं सुखाची गेली. घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. पाहुणे आले की म्हणायचे, तुमच्या शॉवरला जोर काय छान आहे. ते ऐकून मला कोण आनंद व्हायचा. हिवाळा आला की म्हातारा गॅरेजमध्ये येऊन माझ्या उघड्या अंगाला जुने टॉवेल गुंडाळायचा आणि थंडी सरली की सोडून ठेवायचा. त्याने घर विकलं तेव्हा टॉवेलही त्याच्याबरोबर गेले.

मग अनीश आणि निधी राहायला आले. अनीश पुण्याचा, निधी नागपूरची, दोघंही कॉम्प्युटरवरच्या नोकरीतली. माणसं चांगली, पण मी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी रिकाम्या सूटकेसांची चळत लावली. त्यांना दोष देत नाही. नळ सोडला की पाणी येतं, मग भिंतीत कोण राबतंय हे कशाला बघायचं?

या हिवाळ्यात निधीला मुलगी झाली. ऑपरेशन झालेलं, जिना चढायचा नाही, म्हणून तळमजल्यावरच्या त्या लहान खोलीची बाळंतिणीची खोली झाली. बाळाची कॉट भिंतीशी लावली, ती नेमकी माझ्याखाली.

बाळंतपणाला नागपूरहून निधीची आई आली, मीनाक्षीकाकू. त्यांच्या बॅगेत डिंक, अळीव, वेखंड, बाळंतशेपा, आणि तोंडात प्रत्येक गोष्टीला एक म्हण. त्या आल्या आणि घराला घरपण आलं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, निधीला शेक द्यायचा, आणि बाळाच्या धुतलेल्या कपड्यांना ओवा-वेखंडाची धुरी द्यायची, हा त्यांचा नेम. पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरात धुरी केली. स्मोक अलार्म असा कोकलला की बाळाने श्वासच धरला. तेव्हापासून धुरीची बदली गॅरेजमध्ये झाली. घमेल्यात कोळसे पेटवायचे, ओवा टाकायचा, झबली-लंगोट वरून फिरवायचे. अनीशने गॅरेजचं मोठं दार बटण दाबून वीतभर वर करून दाखवलं.

"आई, निखारे पूर्ण विझेपर्यंत हे शटर खाली करू नका. कोळशाचा गॅस कोंडतो, इट्स डेंजरस."

"नाही करत हो अनीशराव. मला त्या बटणाचीच भीती वाटते, ते गुरगुरतं."

बरोबरच होतं त्याचं. कोंडलेल्या कोळशाने माणूस झोपेतच जातो. ओव्याचा तो धूर माझ्या अंगावरून जायचा, मलाही बरं वाटायचं. या घरात आल्यापासून माझ्याजवळ येऊन कुणी काही केलं असेल, तर ते याच बाईंनी.

मग ती थंडी आली.

दोन दिवस आधीपासून सगळ्यांचे फोन कोकलत होते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडला. अनीशने एकूण एक वाचल्या. पाणी हलतं राहून गोठू नये म्हणून स्वयंपाकघरातला नळ टपकत ठेवला, पाइपांना घरातली ऊब मिळावी म्हणून सिंकखालची कपाटं उघडली, बाहेरच्या नळाला टॉवेल बांधला. खालच्या बाथरूमचा नळही थेंब थेंब सोडला. वरचा मात्र राहिला. बाळ आल्यापासून वर कुणी झोपतच नव्हतं, अनीशसुद्धा खाली सोफ्यावर. जिथे माणूस नाही तिथला नळ कुणाला आठवणार? वरचा नळ घट्ट बंद आणि त्याच्या मागे पाण्याने गच्च भरलेला मी.

संध्याकाळी गारांसारखा पाऊस सुरू झाला. मीनाक्षीकाकूंनी धुरी आटोपली. घमेल्यात निखारे लाल होते, म्हणून सांगितल्याप्रमाणे दार वीतभर वर ठेवलं. निखारे विझले की येऊन अनीशला खाली करायला सांगू, असं स्वतःशी म्हणत त्या आत वळल्या. तेवढ्यात बाळ रडलं. ते असं रडलं की घरातली तिन्ही मोठी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. पोट दुखतंय की भूक लागली, हिंग लावू की ओव्याची पुरचुंडी ठेवू, या गडबडीत गॅरेज साऱ्यांच्या डोक्यातून गेलं. निखारे केव्हाच विझले. दार तसंच राहिलं.

वारा त्या वीतभर फटीतून आत आला आणि थेट माझ्या उघड्या अंगाला भिडला. मित्रांनो, नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात नळाच्या पहिल्या पाण्याने हात भाजतो हे माहीत असतं. पाणी पाइपात दगड होतं हे मीनाक्षीकाकूंना कोण सांगणार? माझ्या पोटातलं पाणी आधी जड झालं, मग जागच्या जागी थांबलं, मग त्याला काटे फुटले. बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा मागतो. तो फुगत वर सरकायला लागला. पुढे पाणी आणि त्याच्या पुढे बंद नळ. त्या पाण्याने जावं कुठे? मी ताणला गेलो. ओरडायला मला तोंड नाही. खाली बाळ झोपलं होतं, निधी कूस बदलताना कण्हत होती, आणि मी मनात म्हणत होतो, इथे नको, गॅरेजमध्ये फाटू दे, जिथे कुणी नाही तिथे फाटू दे.

पण धातू दुबळा असतो तिथेच फाटतो. मी बरोबर कॉटच्या वर फाटलो. बोटभर लांब चीर. टक् असा आवाज झाला, एवढंच.

पाणी आलं नाही, कारण गॅरेजमध्ये बर्फाचं बूच बसलेलं. पुढच्या भागात जे थोडं अडकलं होतं तेच झिरपू लागलं. मग मला सगळा प्रकार कळला आणि माझी बोबडीच वळली. जोवर बर्फ आहे तोवर सगळं ठीक. ज्या क्षणी तो वितळेल त्या क्षणी अख्ख्या गावाच्या टाकीचा जोर माझ्या चिरेतून खाली सुटेल. माझ्याखाली छताचा पांढरा बोर्ड, बोर्डाखाली कॉट, कॉटमध्ये अजून नाव न ठेवलेली एक मुलगी.

सकाळी उजाडलं ते करड्या रंगाचं. झाडांवर काचेसारखा बर्फ होता. आज बारसं व्हायचं होतं, ते रस्ते गोठल्यामुळे कॅन्सल झालं होतं. घरात सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते.

"आई, गुड न्यूज," अनीश फोन बघत म्हणाला. "दुपारी मस्त ऊन आहे. सगळं मेल्ट होईल."

"देव पावला," मीनाक्षीकाकू म्हणाल्या.

मला मात्र धडकी भरली. भट्टीत जन्मलेला मी, आयुष्यभर उबेसाठी झुरलो, आणि त्या दिवशी सूर्य उगवूच नये म्हणून प्रार्थना करत होतो. ढगा, हलू नकोस. वाऱ्या, थांबू नकोस. बाळाला थंडी वाजली तर त्याला दुपटी आहेत. मी सुटलो तर त्याला कोण आहे?

दुपारकडे ढग फाटले. गॅरेजची भिंत तापायला लागली आणि मीही जरा जरा पसरायला लागलो. धातू पसरला की वाजतो. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

मीनाक्षीकाकू खाली बसून, पाय पसरून, त्यावर बाळाला घेऊन तेल लावत होत्या. त्यांचा हात थांबला. मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी मान वर केली. बोर्डावर पोळपाटाएवढी ओल उमटली होती. त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून निधीच्या कुशीत दिलं आणि त्या जेवणाच्या टेबलाशी गेल्या. अनीश कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता.

"अनीशराव, छतात टकटक होतंय. आणि ओल धरलीय."

त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. "आई, ही वूडन घरं आहेत. थंडीत लाकूड आवाज करतंच. पॅच जुना असेल. कॉल संपला की बघतो, ओके?"

"बरं," मीनाक्षीकाकू म्हणाल्या आणि परत आल्या.

मला रडू आलं असतं तर मी रडलो असतो. पाइपाचं बोलणं कधी नव्हे ते एका माणसाला कळलं होतं, आणि ते माणूस सासू होतं. जावयाच्या घरात सासूने एकदा बोलावं, दोनदा बोललं की आगाऊपणा. नागपूरला असत्या तर मीनाक्षीकाकूंनी अख्खी आळी गोळा केली असती. इथे त्या दाराशी उभ्या राहिल्या. एकदा वर बघत, एकदा झोपेला आलेल्या लेकीकडे. माझ्या अंगातला बर्फ कडेकडेने सुटायला लागला होता.

मग त्या एकदम कामाला लागल्यासारख्या आत आल्या.

"निधी, ऊठ गं. बाळाला ऊन दाखवायचंय."

"आई, प्लीज. आत्ता डोळा लागत होता."

"किती दिवसांनी सूर्य दिसलाय. बाळ-बाळंतिणीने पहिलं ऊन घ्यायचं असतं. दिवाणखान्यात काचेतून छान येतंय."

"कोवळं ऊन सकाळी असतं ना? आता बारा वाजून गेलेत."

"टेक्सासचं ऊन उशिरा उठतं, तुझ्यासारखं. चल."

असं काही पहिलं ऊन वगैरे त्यांच्या घरी होतं का, मला माहीत नाही. मला वाटतं नसावं. पण आईने काढलेल्या रीतीला बाळंतीण नाही म्हणत नाही, आणि जावयालाही त्यात बोट घालता येत नाही. मीनाक्षीकाकूंनी बाळ उचललं आणि त्या दारापर्यंत गेल्या. निधी मात्र अजून पलंगावरच. पोटाला हात लावून, हळूहळू, एकेक पाय खाली सोडत. तिचा पलंगही कॉटला लागूनच होता. टक्. टक्. मी रोखून धरलं, अशी बढाई मारणार नाही. पाइपाच्या हातात काही नसतं. धरलं ते बर्फाच्या उरलेल्या एका चकतीने.

"चार्जर राहिला," दाराशी येऊन निधी म्हणाली आणि मागे वळली.

"राहू दे," मीनाक्षीकाकू म्हणाल्या. त्या आवाजात असं काही होतं की निधी मुकाट्याने बाहेर गेली.

दोघी काचेपाशी पोचल्या असतील नसतील, चकती सुटली. पाणी माझ्या अंगातून धावत आलं आणि चिरेतून खाली कोसळलं. बोर्ड क्षणभर फुगला आणि धाडकन खाली आला. गुलाबी कापसासकट, भिजलेल्या बोर्डाच्या चिखलासकट, सगळा ढीग कॉटमध्ये. कॉटचा एक कठडा मोडला. मी वाहत होतो, वाहत होतो, मला थांबता येत नव्हतं, आणि लहानशी मऊ उशी त्या ढिगाखाली गेलेली मला दिसत होती.

अनीश धावत आला आणि दारात खिळला. त्याने कॉटकडे पाहिलं.

"बाळ माझ्याजवळ आहे," मीनाक्षीकाकू मागून म्हणाल्या. "मेन कॉक कुठंय?"

"मला... मला माहीत नाही, आई."

इतकी वर्षं त्या घरात राहून त्याला ते माहीत नव्हतं. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या श्रीरामकाकांना त्याने फोन लावला. ते म्हणाले, रस्त्याच्या कडेला गवतात लोखंडी झाकण असेल, त्याच्या आत. झाकणावर बर्फ थापला होता. अनीशने अनवाणीच बाहेर जाऊन तो स्वयंपाकघरातल्या उलथन्याने खरवडला. झाकण निघालं, कॉक फिरेना. तोवर श्रीरामकाका पाना घेऊन घसरत घसरत आले. दोघांनी मिळून तो फिरवला, तेव्हा कुठे मी थांबलो. खोलीत घोटाभर पाणी होतं.

श्रीरामकाका गॅरेजमधून आत येताना थबकले. "अरे अनीश, हे शटर रात्रभर वर होतं?"

मीनाक्षीकाकूंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या मटकन सोफ्यावर बसल्या.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "धुरीचं दार. मी विसरले. माझ्या हातून माझ्याच नातीचा..."

"आई." अनीश त्यांच्यासमोर जमिनीवर बसला. त्याचे पाय लाल झाले होते. "दार वर ठेवा असं मी सांगितलं होतं. रात्री बघायचं मी विसरलो. आणि तुम्ही ओल दाखवली तेव्हा मी मीटिंग सोडली नाही. तुम्ही तिला उन्हात नेलं नसतं तर..." त्याने सासूच्या मांडीवरच्या बाळाचे पाय हातात धरले आणि हा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मीनाक्षीकाकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. निधी दोघांकडे बघत उभी होती, आणि तिला आता कुठे त्या उन्हाची रीत समजली.

चूक कुणाची म्हणाल, तर मी अजून ठरवू शकलेलो नाही. दार उघडं ठेवणाऱ्यांनी कोळशापासून घर वाचवायला ठेवलं होतं.

प्लंबर आला. त्याने माझा फाटका तुकडा कापून नवा जोडला. गॅरेजमधल्या माझ्या अंगाला जाड फोमचं वेष्टन घातलं. मी नव्याजुन्याचा झालो, पण जगलो. छताचा बोर्ड मात्र लगेच बसेना. अर्ध्या गावाचीच छतं पडलेली, माणसं मिळत नव्हती. मोठमोठे पंखे लावून खोली सुकवली आणि छताचं भगदाड तसंच राहिलं.

मग राहून गेलेल्या बारशाचा दिवस ठरला आणि पाळण्याची पंचाईत झाली. अमेरिकेतल्या घरात पाळणा टांगायला कडी कुठली? श्रीरामकाका त्या खोलीत येऊन वर बघत म्हणाले, "एवढी दणकट तुळई उघडी पडलीय आणि तुम्ही कडी शोधताय?"

निधी दचकली. "त्याच खोलीत? नको, काका. मला त्या छताकडे बघवत नाही."

अनीश बाहेर गेला. आता त्याला झाकण कुठे आहे ते माहीत होतं. त्याने मेन कॉक बंद केला आणि वर जाऊन माझा आणि खाली येऊन बाहेरचा नळ पूर्ण उघडला. होतं नव्हतं ते पाणी गळून गेलं. परत येऊन तो म्हणाला, "निधी, पाइप रिकामा आहे. एक थेंब नाही. मी स्वतः बघून आलो."

मीनाक्षीकाकूंनी आपली मऊ सुती साडी माझ्या शेजारच्या तुळईला बांधली आणि सगळा भार टाकून ओढून पाहिली. मग बाळाला झोळीत ठेवलं. तोवर मी त्या मुलीला फक्त ऐकलं होतं. तिचं रडणं, तिची उचकी, तिचं दूध पिणं. त्या दिवशी मी तिला पाहिलं. डोक्यावर थोडं जावळ, कपाळाला काजळाची तीट, आणि झोपेत हसणारं तोंड. मीनाक्षीकाकूंनी तिच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, आसावरी. खालच्या माणसांच्या आधी ते मी ऐकलं. माझ्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि जन्मात पहिल्यांदा मला कशाचीही भीती वाटत नव्हती.

उद्या माणसं येऊन नवा बोर्ड लावणार आहेत. मी पुन्हा दिसेनासा होईन आणि भीती पुन्हा येईल, कारण हिवाळा दरवर्षी येतो. मित्रांनो, म्हणून तुम्हाला हात जोडतो. थंडीच्या दिवसांत आमच्या उघड्या अंगाला काहीतरी गुंडाळा. ज्या खोलीत कुणी झोपत नाही तिथलाही नळ टपकता ठेवा. मेन कॉक कुठे आहे ते घरातल्या लहानथोरांना दाखवून ठेवा. आणि आपलं बाळ झोपतं त्याच्या डोक्यावरून काय जातं, ते निदान एकदा मान वर करून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही.